रक्तदाबाचा आकडा कोण वाचणार?

रक्तदाब दिवसभर हलत असतो, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने त्याचा निकाल बहुतेक वेळा दवाखान्यातल्या खुर्चीत घेतलेल्या एका मिनिटावर लावला आहे. १८९६ मध्ये तुरिनच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा आवळून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची पद्धत दिली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कॉव्ह या शल्यचिकित्सकाने स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढून दाखवले. उच्च रक्तदाबाविषयी आज जे काही माहीत आहे, त्यातले बरेचसे या साध्या पद्धतीच्या आधाराने मिळाले आहे. पण ती एका क्षणाची नोंद आहे, आणि तो क्षण रुग्णाच्या रोजच्या आयुष्यातला नसतो. तो रांगेत बसल्यानंतरचा, डॉक्टरांसमोरचा, काय ऐकावे लागेल या धास्तीचा असतो. आता दंडावर बांधून चोवीस तास वागवता येणारी यंत्रे आहेत, घरी ठेवायची यंत्रे आहेत आणि तिथला आकडा मोबाइलवरून दवाखान्यात पोचवण्याची सोय आहे. या सगळ्याने रुग्णाचे भले होते का, हा प्रश्न वरवर एक दिसतो, पण त्यात दोन प्रश्न मिसळले गेले आहेत. दवाखान्याबाहेरचा आकडा अधिक खरा असतो का, हा पहिला. तो आकडा मिळाल्याने उपचार सुधारतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जवळजवळ निःसंदिग्ध ‘हो’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ तेव्हाच, जेव्हा तो आकडा ठरलेल्या वेळी वाचणारा आणि त्यावरून गोळी बदलण्याचा अधिकार असलेला माणूस नेमलेला असतो. यंत्राविषयीच्या उत्साहात ही अट गळून पडते, आणि ती गळू नये म्हणून हा आढावा.

पहिल्या प्रश्नाचा पुरावा जुना आहे. १९४० मध्येच अमेरिकेतल्या डेव्हिड एमन आणि आर्ची गोल्डशाइन यांनी दाखवले होते की त्याच रुग्णाचा घरी मोजलेला रक्तदाब दवाखान्यातल्यापेक्षा सातत्याने कमी येतो. १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलोव यांनी रुग्णाला बरोबर वागवता येईल असे नोंदयंत्र वापरले. हृदय, डोळ्यांचा पडदा यांसारख्या अवयवांवर झालेली इजा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा दिवसभराच्या सरासरीशी अधिक जुळते, असे त्यांना आढळले. सर्वांत निर्णायक प्रयोग मात्र १९८३ मध्ये मिलानच्या ज्युसेप्पे मान्चिया यांनी केला. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब सलग नोंदवला जात होता, आणि त्याच वेळी डॉक्टर नेहमीसारखा पट्टा घेऊन खाटेजवळ येत होता. तो आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ आणि खालचा १५ मिलिमीटरने चढला. काहींच्या बाबतीत ही वाढ याहून पुष्कळ मोठी होती. परिचारिकेने मोजले तर ती बरीच कमी राहते, हेही याच गटाने पुढे दाखवले. २७ मिलिमीटरचा अर्थ इथे नीट लक्षात घ्यायला हवा. बाजारातल्या एका चांगल्या गोळीने वरचा आकडा साधारण दहाच्या आसपास उतरतो. म्हणजे मोजणाऱ्याच्या नुसत्या उपस्थितीने दोन-तीन गोळ्यांइतका फरक पडू शकतो. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंग यांनी सीमेवरचा रक्तदाब असलेल्या, अजून औषध सुरू न केलेल्या २९२ रुग्णांना दिवसभर यंत्र बांधले. दवाखान्यात ज्यांचा आकडा जास्त भरत होता, त्यांपैकी २१ टक्क्यांचा दिवसभराचा रक्तदाब नॉर्मल निघाला. ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

चोवीस तासांचे हे यंत्र, म्हणजे एबीपीएम, करते काय तर दंडाचा पट्टा दिवसा दर वीस ते तीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या ते एका तासाने आपोआप फुगवते. कमरेला लावलेल्या लहान डबीत प्रत्येक नोंद जमा होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या हाती पन्नास-साठ आकडे येतात. त्यांचे निकष दवाखान्यापेक्षा खालचे आहेत. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरली, तर जागेपणीची सरासरी १३५/८५, झोपेतली १२०/७० आणि पूर्ण चोवीस तासांची १३०/८० अशी धरतात. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. ज्यांचा उतरत नाही, त्यांच्यात मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार यांचे प्रमाण जास्त आढळते. यातली एकही गोष्ट दुपारच्या ओपीडीत दिसत नाही. आणखी एक गट आहे, आणि तो मला पांढऱ्या कोटाच्या गटापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. यांचा आकडा दवाखान्यात चांगला असतो. घरी, कामावर किंवा रात्री मात्र तो चढलेला असतो. या छुप्या रक्तदाबाच्या रुग्णाला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते, आणि त्याची कुठेच नोंद होत नाही. पांढऱ्या कोटाच्या रुग्णाला कदाचित एक गोळी जास्त मिळते. छुप्या रक्तदाबाच्या रुग्णाला पक्षाघात होईपर्यंत काहीच मिळत नाही. स्पेनमध्ये २००४ ते २०१४ या काळात यंत्र बांधलेल्या ५९,१२४ रुग्णांचा सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या जोखमीशी चोवीस तासांच्या आकड्याचे नाते दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी घट्ट होते. चोवीस तासांचा आकडा हिशेबात घेतल्यावर दवाखान्यातल्या आकड्याकडे सांगण्यासारखे जवळजवळ काही उरत नव्हते. सर्वांत जास्त माहिती रात्रीच्या आकड्यात होती. छुप्या रक्तदाबाच्या रुग्णांची मृत्यूची जोखीम उघड उच्च रक्तदाबाच्या रुग्णांइतकीच वाढलेली होती. पांढऱ्या कोटाच्या गटात ती वाढलेली आढळली नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या मोठ्या चाचण्यांनी रक्तदाब उतरवला की पक्षाघात आणि हृदयविकार कमी होतात हे सिद्ध केले, त्या सगळ्या दवाखान्यात मोजलेल्या आकड्यावर उभ्या आहेत. अमेरिकेतल्या ९,३६१ जणांच्या स्प्रिंट चाचणीनेसुद्धा २०१५ मध्ये १२०चे लक्ष्य ठरवले ते केंद्रात शांत बसवून मोजलेल्या आकड्यावरच. मग बाहेरचा आकडा भविष्य जास्त नीट सांगतो म्हणून उपचारही त्याच्यावरच बेतावा, हे कशावरून? आक्षेपात तथ्य आहे. चोवीस तासांच्या आकड्यावरून औषध ठरवले तर मृत्यू कमी होतात, असे थेट दाखवणारी मोठी चाचणी अजून हाती नाही. जे आहे ते लहान आहे, पण बोलके आहे. बेल्जियममध्ये यान स्टासेन यांनी १९९७ मध्ये ४१९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांची औषधे दवाखान्यातल्या आकड्यावरून आणि अर्ध्यांची चोवीस तासांच्या आकड्यावरून ठरवली. चोवीस तासांच्या गटात २६ टक्क्यांची औषधे पूर्ण थांबवता आली, दुसऱ्या गटात फक्त ७ टक्क्यांची. तरीही रक्तदाबाच्या नियंत्रणात किंवा हृदयाच्या भिंतीच्या जाडीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्याच गटाने २००४ मध्ये घरच्या आकड्यावर असाच प्रयोग केला. तिथे औषधे कमी झाली, पण रक्तदाबही थोडा जास्त राहिला, कारण दोन्ही गटांना एकच लक्ष्य दिले होते. घरचा आकडा मुळातच खाली येतो, त्यामुळे त्या गटाची औषधे लवकर आवरती घेतली गेली. दवाखान्याची रेषा उचलून घराच्या आकड्याला लावता येत नाही, हा यातला धडा आहे. थोडक्यात, निदानासाठी बाहेरचा आकडा वापरण्याचा आधार भक्कम आहे. त्यावरून उपचाराची मात्रा बारकाईने ठरवण्याचा आधार कमी आहे. डॉक्टरांनी हा फरक लक्षात ठेवून यंत्र वापरले, तर आक्षेपाला उत्तर मिळते.

घाईने निष्कर्ष काढण्याचा धोका किती खरा आहे याचे एक ठळक उदाहरण आहे. रात्रीचा रक्तदाब जास्त बोलतो, मग गोळी रात्री द्यावी, असा तर्क पुढे आला. स्पेनमधल्या हायजिया अभ्यासाने २०१९ मध्ये झोपताना गोळी घेणाऱ्यांचे हृदयविकार आणि पक्षाघात जवळजवळ निम्मे झाल्याचा दावा केला. त्या दाव्यावर संशोधकांनी लगेच शंका घेतल्या, आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१,१०४ रुग्णांच्या टाइम चाचणीने सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक नसल्याचे दाखवले. गोळी रोज आठवणीने घेता येईल ती वेळ चांगली. रात्रीचा आकडा जोखीम सांगतो हे खरेच राहिले. त्यावरून सुचलेला उपाय टिकला नाही.

निदानाच्या बाबतीत धोरण मात्र बदलले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये सांगितले की दवाखान्यात आकडा जास्त आला तरी चोवीस तासांच्या नोंदीने खात्री करून मगच निदान पक्के करावे. त्यामागे खर्चाचा हिशेब होता. यंत्राचा खर्च धरूनही, ज्यांना गरज नाही त्यांना आयुष्यभर औषध आणि तपासण्या देण्याचा खर्च वाचल्याने हा मार्ग स्वस्त ठरत होता. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१५ मध्ये हेच धोरण घेतले. इंग्लंडमध्ये २०२१च्या ऑक्टोबरपासून औषधांच्या दुकानांत रक्तदाब मोफत तपासतात, आणि गरज पडली तर चोवीस तासांचे यंत्रही तिथेच बांधून देतात. भारतात हा हिशेब तसाच लागू होणार नाही, कारण इथे गोळी स्वस्त आहे आणि यंत्र महाग. पण चुकीच्या निदानाचा प्रश्न इथेही तेवढाच मोठा आहे. डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली एका औषध कंपनीच्या सहकार्याने झालेल्या इंडिया हार्ट स्टडीत रक्तदाबाचे औषध न घेणाऱ्या १८,९१८ जणांचा रक्तदाब दवाखान्यात आणि घरी मोजला गेला. पांढऱ्या कोटाचे आणि छुपे असे दोन्ही गट मिळून जवळपास ४२ टक्के लोकांच्या बाबतीत दवाखान्यातल्या आकड्याने दिशाभूल केली असती. कंपनीचा सहभाग असल्याने हा आकडा जपून घ्यावा, पण जगभरच्या अभ्यासांशी तो विसंगत नाही. चोवीस तासांची तपासणी भारतात प्रत्येकाला करता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. आकडे सीमेवर असलेले, तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि दवाखान्यात चांगला आकडा असूनही हृदयाच्या किंवा डोळ्याच्या तपासणीत इजा दिसणारे, एवढ्यांपुरती ती राखून ठेवली तरी मोठे काम होईल. बाकीच्यांसाठी घरचे यंत्र आहे.

घरच्या यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. जपानमधल्या ओहासामा या गावात युताका इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रहिवाशांना यंत्रे देऊन घरी मोजायला लावले. १९९८ मध्ये सुमारे १,८०० जणांच्या पाठपुराव्यातून दिसले की मृत्यूचा अंदाज घरच्या आकड्यावरून तपासणी शिबिरातल्या आकड्यापेक्षा जास्त नीट लागतो. घरच्या आकड्यासाठी आज जगभर धरली जाणारी १३५/८५ ही रेषा बरीचशी त्या गावातून आली. पण घरी मोजण्याची शिस्त असते. सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, दर वेळी दोनदा मोजायचे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. एका आकड्यावर आनंद किंवा धसका, दोन्ही चुकीचे. पट्ट्याचे माप हा त्याहून दुर्लक्षित भाग आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा साडेएकोणीसने जास्त आला. त्याच विद्यापीठाने २०२४ मध्ये दाखवले की हात टेबलावर हृदयाच्या पातळीत न ठेवता मांडीवर ठेवला तर सुमारे चारने आणि नुसता बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने आकडा फुगतो. हे फरक क्षुल्लक वाटतात, पण १३५ची रेषा ओलांडायला तेवढे पुरतात. शिवाय ही यंत्रे आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातली धमनीची थरथर मोजून ती उत्पादकाच्या गणिताने आकडा काढतात, आणि ते गणित उत्पादक उघड करत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ८५ माणसांवर पडताळलेले यंत्र घ्यावे असे तज्ज्ञ सांगतात. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन यंत्र घेणाऱ्याला ते पडताळलेले आहे की नाही हे खोक्यावरून कळत नाही. इथे नियमनाची गरज आहे, आणि ती ग्राहकाच्या जागरूकतेवर ढकलून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न. घरी मोजून तो आकडा दूरवर पाठवला, म्हणजे दूरनिरीक्षण केले, तर रक्तदाब उतरतो का? पंचवीस चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून कॅथरीन टकर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा निकाल लावला. नुसते स्वतः मोजण्याने वर्षभरात वरचा आकडा सरासरी अवघा एक मिलिमीटर उतरतो. मोजण्याला औषधनिर्माता, परिचारिका किंवा डॉक्टर यांचा नियमित पाठपुरावा आणि औषध बदलण्याची व्यवस्था जोडली, तर ही उतरण सहाच्या पुढे जाते. माझ्या मते या विषयावरच्या शेकडो लेखांतली सर्वांत महत्त्वाची दोन वाक्ये हीच आहेत. ऑक्सफर्डचे रिचर्ड मॅकमॅनस यांच्या टास्मिन-४ चाचणीने २०१८ मध्ये ११८२ रुग्णांवर त्यांना दुजोरा दिला. डॉक्टरांनी घरच्या आकड्यावरून औषध ठरवायचे असे सांगितले, तेव्हा रुग्ण नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा साडेतीन मिलिमीटरने खाली आले; आकडा मोबाइलच्या संदेशाने पाठवण्याची सोय केली, तेव्हा ४.७ने. मिनेसोटातल्या हायपरलिंक चाचणीत ४५० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना यंत्र दिले आणि त्या आकड्यावरून गोळी बदलण्याचा अधिकार औषधनिर्मात्याला दिला. सहा महिन्यांत फरक जवळजवळ अकराचा झाला. पाठपुरावा थांबल्यावर तो हळूहळू आटला आणि साडेचार वर्षांनी दिसेनासा झाला. या चाचण्यांत रक्तदाब कशाने उतरला हे पाहिले तर उत्तर साधे आहे. जास्त औषध दिले गेले. यंत्राने कुणाचीही धमनी सैल केली नाही. दवाखान्यात आकडा जास्त आला तरी ‘आज धावपळ झाली असेल, पुढच्या वेळी पाहू’ म्हणून तीच गोळी लिहून देण्याची जी जुनी सवय आहे, ती एकामागून एक आठवडाभराचे आकडे समोर आल्यावर तुटली.

मिनेसोटातल्या याच गटाच्या पुढच्या चाचणीने उत्साहाला आवर घातला, आणि दूरनिरीक्षणाच्या समर्थकांनी ती लपवू नये. हायपरलिंक-३ मध्ये २१ दवाखान्यांतल्या ३,०७१ रुग्णांची तुलना झाली. एकीकडे यंत्र आणि फोनवरून औषधनिर्माता, दुसरीकडे नीट शिस्तीने चालवलेला नेहमीचा दवाखाना. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत वरचा आकडा १८-१९ने उतरला होता, फरक नव्हता. रुग्णांना दूरचा उपचार अधिक सोयीचा वाटला एवढेच. म्हणजे जिथे दवाखाना आधीच आकड्याचा पाठलाग करतो, तिथे दूरनिरीक्षण सोय देते, जास्तीचे आरोग्य देत नाही. जिथे दवाखाना पाठलाग करत नाही, तिथे ते पाठलागाचे साधन होऊ शकते. यातून ‘यंत्रे निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणेही तितकेच चूक होईल, कारण बहुतेक रुग्णांच्या नशिबी नीट शिस्तीने चालवलेला दवाखाना नसतो.

व्यवस्था यंत्रापुरती उभारली तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने २०१९ पासून दूरनिरीक्षणाचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली. यंत्र पुरवल्याचे आणि नोंदी आल्याचे पैसे मिळण्यासाठी तीस दिवसांत किमान सोळा दिवसांचे आकडे यायला हवेत, अशी अट होती. सोळा दिवसांची ही अट वैद्यकीय गरजेवरून आलेली नाही. रक्तदाबासाठी सात दिवस पुरतात. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला. दूरनिरीक्षण मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या बाबतीत त्याच्या तीनपैकी किमान एक भाग राहून गेला होता: यंत्र कसे वापरायचे याचे शिक्षण, यंत्राचा पुरवठा, आणि आलेल्या आकड्यांवरून उपचार सांभाळणे. या सेवेत सर्वाधिक प्रमाण उच्च रक्तदाबाचे होते. पैसा मोजण्याला मिळाला की मोजणे वाढते. उपचार बदलण्याला मिळाला तर उपचार बदलतील.

गरोदरपणाचा अनुभवही याच बाजूने बोलतो. घरी मोजल्याने गरोदरपणातला रक्तदाब लवकर पकडला जाईल, अशी आशा बाळगून इंग्लंडमध्ये बम्प नावाच्या दोन चाचण्या झाल्या. २०२२ मध्ये त्यांचा निकाल आला. जोखमीच्या गरोदर स्त्रियांत रक्तदाब लवकर ओळखला गेला नाही, आणि ज्यांना आधीच होता त्यांचा अधिक नीट नियंत्रणातही आला नाही. या स्त्रिया दर काही आठवड्यांनी दाईकडे तपासणीला येतच होत्या. जिथे भेटी अगोदरच दाट आहेत तिथे यंत्राला भर घालायला जागा कमी. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यावर, जिथे एक भेट चुकली तर पुढची महिन्याने होते, तिथे निकाल वेगळा येऊ शकतो. इंग्लंडच्या निकालावरून तिथे यंत्र नाकारणे योग्य होणार नाही, आणि तसा पुरावा नसताना ते सर्वत्र वाटत सुटणेही नाही. तिथल्या स्त्रियांवर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

आणखी दोन आक्षेप. घरी यंत्र आले की माणूस दिवसातून दहा वेळा मोजतो आणि काळजीने आणखी आजारी पडतो, असे डॉक्टर सांगतात, आणि ते खरे आहे. त्यावर उपाय यंत्र काढून घेणे हा नव्हे. ठरावीक सात दिवसांचा कार्यक्रम, कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्याला नाही याची लेखी सूचना, आणि मधल्या काळात यंत्र कपाटात ठेवण्याची स्पष्ट परवानगी रुग्णाला द्यायला हवी. दुसरा आक्षेप नवा आहे: पट्ट्याशिवाय रक्तदाब सांगणारी घड्याळे येत असताना पट्ट्याची यंत्रे कशाला? ही घड्याळे त्वचेखालच्या रक्ताची लहर प्रकाशाने वाचतात आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधतात. काहींना दर काही आठवड्यांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. युरोपच्या हृदयरोग संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात त्यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये असे सांगितले. गोळी सुरू करण्याचा किंवा वाढवण्याचा निर्णय आज त्यांच्यावर सोपवता येत नाही.

भारताबाबतचा सर्वांत मोठा आक्षेप असा की जिथे अजून साधा रक्तदाबच मोजला जात नाही, तिथे चोवीस तासांच्या आणि दूरच्या निरीक्षणाची चर्चा परवडणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८३ लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या ३७ टक्क्यांचे निदान झाले आहे, ३० टक्के उपचार घेतात आणि फक्त १५ टक्क्यांचा आकडा ताब्यात आहे. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या दंडाला एकदा नीट पट्टा बांधणे, हे कोणत्याही अॅपपेक्षा आधीचे काम आहे. पण या आकड्यांचा दुसरा अर्थही पाहावा. उपचार घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचा रक्तदाब ताब्यात नाही. हे लोक व्यवस्थेत पोचले आहेत. त्यांना गोळी मिळाली आहे आणि नंतर तीच गोळी, त्याच मात्रेत, चालू राहिली आहे. दूरनिरीक्षणाने जी एकमेव गोष्ट नक्की सुधारते म्हणून वर सांगितले, नेमकी तीच इथे बिघडलेली आहे.

त्यासाठीचा पाया महाराष्ट्रात थोडाफार घातला गेला आहे. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांतून काम सुरू झाले. त्याची सूत्रे साधी होती. प्रत्येक केंद्रात डिजिटल यंत्र, सर्वांसाठी एकच लिखित औषधक्रम, गोळ्यांचा पुरेसा साठा, उपकेंद्रापर्यंत गोळ्या पोचवणे, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून न आलेल्यांना फोन करणे. सिंपल नावाच्या अॅपमध्ये परिचारिका आकडा भरते आणि ते चुकलेल्या रुग्णांची यादी पुढे करते. मला या उपक्रमाचे महत्त्व वाटते ते यामुळे की त्याने आधी पाठलाग करणारा माणूस नेमला आणि मग त्याच्या हातात फोन दिला. यात एक कडी जोडायची राहते. महिन्यातून एकदा केंद्रात घेतलेल्या आकड्याऐवजी आशा किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडचे यंत्र आठवडाभर घरात ठेवून मिळालेली सरासरी त्याच नोंदीत जावी. एक यंत्र वर्षभरात पन्नास घरे फिरू शकते, म्हणून प्रत्येकाने यंत्र विकत घेण्याची अटही उरत नाही. ज्यांच्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसा कामावर जातो, त्यांच्याकडचे आकडे यंत्राच्या स्मृतीतून आशाताईंनी उतरवून घ्यायचे. ही माहिती रुग्णाची आहे, म्हणून ती विमा कंपनीपर्यंत किंवा मालकापर्यंत जाणार नाही याची हमी त्याला लेखी द्यायला हवी.

यापुढे एकच अडचण उरते, आणि ती कायद्याची नाही. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या राष्ट्रीय नियमावलीत पूर्वी तपासलेल्या रुग्णाला दुरून जास्तीचे औषध जोडून द्यायची मुभा आहे. त्यासाठी दिलेले उदाहरणच रक्तदाबाचे आहे: अॅटेनोलॉल चालू असून आकडा उतरत नसेल, तर एनॅलाप्रिलसारखी गोळी दुरून वाढवता येते. रुग्णाजवळ बसून ही सल्लामसलत घडवून आणायला परिचारिका किंवा एएनएम चालते, असेही ती नियमावली सांगते. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर उपकेंद्रातून डॉक्टर गाठण्याची सोय आहे. ज्याच्यावर कुणाचे नाव लिहिलेले नाही असे एक काम मात्र अजून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आठवड्यात एक ठरलेली दुपार हवी. त्या दुपारी १३५/८५च्या वर गेलेल्या सरासऱ्यांची यादी त्याच्यासमोर येईल, प्रत्येक नावापुढे तो ‘मात्रा वाढवा’, ‘दुसरी गोळी जोडा’ किंवा ‘चोवीस तासांचे यंत्र बांधा’ यांपैकी एक लिहील, आणि ते शनिवारपर्यंत रुग्णाच्या हातात पडले की नाही हे परिचारिका तपासेल. या दुपारसाठी ओपीडीतून दोन तास काढायला मंजुरी द्यावी लागेल, आणि ती जिल्हा पातळीवर देता येते.